मी इतरांपेक्षा किती चांगला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची अभ्यासिका वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात आहे. भरतीची पोरं पहाटे धावून आली की इथेच बसतात, दुपारी बारावीच्या मुली येतात आणि वावरातून परतताना काकाजी मंडळीही घटकाभर टेकतात. प्रत्येकाचा प्रश्न निराळा वाटतो, पण खोदत गेलं की खाली एकच निघतो: इतरांच्या मानाने मी कितपत आहे? व्हॉट्सअ‍ॅपवर आणि चिठ्ठीवर आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत.

१. स्वतःला जोखायला दुसऱ्याकडे पाहावंच लागतं का? आपलं आपल्याला कळत नाही का?

काही गोष्टी कळतात. पन्नास किलोचं पोतं उचललं की नाही, हे सांगायला शेजारी लागत नाही. पण 'मी बरं बोलतो का', 'माझी समज कितपत आहे' याला असं उघड माप नसतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं की जिथे असं माप सापडत नाही, तिथे माणूस दुसऱ्या माणसालाच माप करतो, आणि तेही शक्यतो आपल्यासारख्याला. म्हणून दोन एकरवाला शेतकरी आपली झडती, म्हणजे पिकाचा उतारा, शंभर एकरवाल्याशी ताडून पाहत नाही, धुऱ्यापलीकडच्या वावराशी पाहतो. तुलना करणं ही वाईट खोड नाही. कोणाशी करतो, यावर मात्र पुष्कळ काही ठरतं (प्रश्न ७ पाहा).

२. बहुतेक लोक स्वतःला इतरांपेक्षा हुशार समजतात, हे खरं आहे की नुसतं म्हणायचं म्हणून?

खरं आहे आणि ते पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ओला स्वेन्सन यांनी १९८१ मध्ये वाहन चालवणाऱ्यांना विचारलं: तुमचं कौशल्य इतरांच्या तुलनेत कुठे बसतं? अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं. त्याआधी १९७६-७७ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरच्या सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांना नेतृत्वगुणांबद्दल विचारलं होतं. ७० टक्क्यांनी स्वतःला मध्याच्या वर ठेवलं, खाली ठेवणारे फक्त २ टक्के निघाले. शिकले-सवरलेलेही सुटत नाहीत. १९७७ च्या एका पाहणीत तिथल्या एका विद्यापीठातल्या ९४ टक्के प्राध्यापकांनी आपण सरासरीपेक्षा सरस शिकवतो असं सांगितलं.

माझ्या मनात सगळ्यात जास्त रुतलेला अभ्यास १९६५ चा आहे. अपघात होऊन दवाखान्यात पडलेल्या चालकांना त्यांच्या चालवण्याबद्दल विचारलं, आणि कधी अपघात न झालेल्यांनाही विचारलं. दोघांनी स्वतःला जवळपास सारखेच गुण दिले.

३. सगळेच सरासरीच्या वर कसे असतील? हे गणितात बसत नाही. मग खोटं कोण बोलतं?

बारावीच्या एका मुलीने विचारलेला हा प्रश्न मला फार आवडला. आधी गणित पाहू. पाच वावरांत सोयाबीनची एकरी झडती ८, ८, ८, ८ आणि १ क्विंटल आली, तर सरासरी ६.६ येते आणि पाचांतले चार शेतकरी खरोखरच सरासरीच्या वर असतात. म्हणजे 'बहुतेक जण सरासरीच्या वर' हे अशक्य नाही. 'बहुतेक जण वरच्या अर्ध्यात' हे मात्र अशक्य आहे, आणि वरच्या अभ्यासातल्या चालकांनी नेमकं तेच सांगितलं होतं.

तरी ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. प्रत्येक जण 'चांगला' हा शब्द आपापल्या सोयीने भरतो. जो हळू चालवतो तो म्हणतो चांगला चालक म्हणजे सांभाळून चालवणारा. जो खड्ड्यांतून गाडी सफाईने काढतो, त्याच्या लेखी चांगला म्हणजे हात बसलेला. डेव्हिड डनिंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हेच दाखवलं. गुण जितका मोघम, तितका माणूस त्यात स्वतःला वर बसवतो. अर्थ घट्ट बांधून दिला की ही फुगवण कमी होते. 'तू चांगला धावतोस का' याला दहा पोरं हो म्हणतील. '१६०० मीटरला किती वेळ लागतो' असं विचारा, लगेच सगळे जमिनीवर येतात.

४. ज्याला काहीच येत नाही तोच जास्त मिरवतो, असं का?

आपल्याकडे 'अर्ध्या हळकुंडाने पिवळा' म्हणतात. या विषयावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांचा, १९९९ चा. 'डनिंग-क्रूगर परिणाम' हे नाव त्यावरूनच पडलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची विनोदाची पारख, व्याकरण आणि तर्क यांची परीक्षा घेतली आणि प्रत्येकाला आपला क्रमांक ओळखायला सांगितला. तळातल्या चौथ्या हिश्श्यातले विद्यार्थी प्रत्यक्षात शंभरातल्या साधारण १२ जणांच्या पुढे होते. त्यांना वाटत होतं, आपण ६२ जणांच्या पुढे आहोत.

लेखकांनी लावलेला अर्थ विचार करण्यासारखा आहे. व्याकरण शुद्ध लिहायला जे ज्ञान लागतं, तेच स्वतःची चूक ओळखायलाही लागतं. ज्याच्याकडे ते नाही, त्याला वाक्यही चुकीचं सुचतं आणि ते चुकलं आहे हेही दिसत नाही. हा दुहेरी तोटा आहे, आणि याला माजोरीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच अभ्यासाचा पुढचा भाग लोक सांगतच नाहीत. तळातल्यांना तर्काचं थोडं शिक्षण दिलं, तेव्हा त्यांना आपलं आधीचं उत्तर चुकलं होतं हे ओळखता येऊ लागलं. म्हणजे त्यांना गप्प बसवून काही मिळत नाही, शिकवल्याने मिळतं.

मोबाइलवर फिरणारं ते चित्र, ज्यात आधी उंच टेकडी, मग दरी आणि मग हळूहळू चढ दाखवतात, ते या मूळ अभ्यासात नाही.

५. हा डनिंग-क्रूगर परिणाम खोटा ठरला असं वाचलं. मग विश्वास कशावर ठेवायचा?

पूर्ण खोटा ठरलेला नाही, वादात आहे. २००२ मध्ये क्रूगर (Krueger नावाचे दुसरे संशोधक, आधीच्यांशी नामसाधर्म्य एवढंच) आणि म्युलर यांनी दाखवलं की या अभ्यासातल्या आकृतीचा (तळातले स्वतःला वर धरतात, वरचे थोडं खाली) मोठा भाग साध्या आकडेशास्त्रातून तयार होतो. तळाशी असलेल्याला अंदाज चुकवायला वरच्या बाजूलाच जागा असते, शिखरावरच्याला खालच्याच बाजूला. त्यात 'मी बरा आहे' हा सर्वांचा कल (प्रश्न २) मिसळला की तशीच आकृती निघते. नंतर २०२० मध्ये गिग्नॅक आणि झायेनकोव्स्की यांनी वेगळ्या पद्धतीने आकडेमोड केली, तेव्हा परिणाम फारच लहान उरला.

माझं मत असं: तळातलेच तेवढे आंधळे, हा अर्थ सोडून द्यावा. चुकतो तर प्रत्येकच जण. आणि गावातल्या कमी शिकलेल्या माणसाचं तोंड बंद करायला हे नाव वापरलं जातं, ते तर लगेच थांबवावं.

६. आमच्या पोरीला उलटा त्रास आहे. येतं सगळं, पण म्हणते 'मले काहीच जमत नाही'. असं का होतं?

काम अवघड असेल तर कल उलटतो. १९९९ मध्येच जस्टिन क्रूगर यांनी दुसऱ्या एका अभ्यासात दाखवलं की सोप्या वाटणाऱ्या कामांत लोक स्वतःला इतरांपेक्षा वर ठेवतात आणि अवघड वाटणाऱ्या कामांत खाली. कारण आपली अडचण आपल्याला आतून जाणवते, दुसऱ्याची अडचण दिसत नाही. इंग्रजी बोलताना आपली जीभ अडखळते ते कळतं. बाजूचीही रात्रभर पाठ करून आली आहे, हे कळत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नीट ऐकून ठेवा. २००३ मध्ये एर्लिंगर आणि डनिंग यांनी विद्यार्थ्यांची विज्ञानाची छोटी परीक्षा घेतली. मुलींचे आणि मुलांचे गुण जवळपास सारखे आले. पण मुलींनी आधीपासूनच स्वतःला विज्ञानात कमी लेखलं होतं, म्हणून आपले गुणही कमी असतील असं त्यांना वाटलं. नंतर विज्ञान स्पर्धेत भाग घ्याल का असं विचारलं, तेव्हा ७१ टक्के मुलं हो म्हणाली आणि मुली फक्त ४९ टक्के. गुण सारखे असूनही दार मुलींनीच लोटून घेतलं. बारावीनंतर विज्ञान शाखा सोडायचं पोरगी म्हणत असेल, तर 'तुला वाटतं तसं कर' म्हणण्याआधी तिची गुणपत्रिका तिच्यासमोर ठेवा.

यश मिळूनही 'मी फसवून इथे आले' असं वाटत राहणं, याला १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी 'इम्पोस्टर फिनॉमेनन' असं नाव दिलं. पण झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर तो स्वतःला जोखण्याचा प्रश्न राहिलेला नाही. तेव्हा टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं.

७. शाळेत मी कायम पहिला होतो. नागपूरला शिकायला गेलो आणि एकदम ढ झालो. मी खरंच हुशार होतो का?

भाऊ, तू तेवढाच हुशार आहेस. बदललं ते माप. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात हे शाळांमधून दाखवलं: सारख्याच क्षमतेचं मूल हुशार मुलांच्या शाळेत घातलं, तर ते स्वतःला कमी लेखतं. साध्या शाळेत तेच मूल स्वतःला जास्त समजतं. 'वासरात लंगडी गाय शहाणी' ही म्हण आपण दुसऱ्याला हिणवायला वापरतो. तिच्यातली दुसरी बाजू कोणी बोलत नाही: तीच गाय मोठ्या कळपात गेली की तिला आपण लंगडीच आहोत असं वाटू लागतं, पायात काही फरक पडलेला नसतानाही.

एक काम कर. पहिल्या महिन्यातली एक प्रश्नपत्रिका जपून ठेव आणि सहा महिन्यांनी तीच पुन्हा सोडव. तुलना वर्गाशी नको, सहा महिन्यांपूर्वीच्या तुझ्याशी असू दे. वर्गातला क्रमांक हलला नसेल तरी गुण हललेले दिसतील, कारण तुझ्यासोबत वर्गही पुढे सरकतो आहे.

८. तीस वर्षं शेती करतो. माझा अंदाज चुकेल कसा?

काकाजी, अनुभवाने अंदाज सुधारतो, पण एका अटीवर: उत्तर लवकर आणि स्पष्ट मिळालं पाहिजे.

कापूस वेचणारी बाई पाहा. दिवसभर ओटीत कापूस गोळा करते, संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो, गाठोडं लटकतं, किलो मोठ्याने सांगितले जातात, वहीत नोंद होते. मजुरी किलोवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हंगामभर रोज तिला आपल्या कामाचा निकाल मिळतो. तिला विचारा, आज किती भरेल? काटा लागण्याआधीच ती सांगते, आणि शेजारणीपेक्षा जास्त की कमी हेही सांगते. मी हे अनेकदा पाहिलं आहे. स्वतःबद्दल इतकं अचूक बोलणारी माणसं मला सभा-संमेलनांतही क्वचित भेटली.

आता फवारणी घ्या. कीड गेली. औषधाने गेली, मधल्या पावसाने गेली, की मित्रकिडींनी खाल्ली? न फवारलेली एकही ओळ वावरात ठेवली नसेल, तर हे कधीच कळणार नाही. निकाल नाही, म्हणून मन आपल्याला सोयीचा निकाल लावतं. पीक आलं तर माझा अनुभव, गेलं तर पाऊस. अशी तीस वर्षं गेली, तर विश्वास तीस पट वाढतो, माहिती मात्र पहिल्या वर्षाएवढीच राहू शकते.

२०१४ मध्ये झेल आणि क्रिझान यांनी या विषयावरचे बावीस मोठे आढावे एकत्र तपासले. माणसाचं स्वतःबद्दलचं मत आणि त्याची प्रत्यक्ष कामगिरी यांतला संबंध ०.२९ निघाला. पूर्ण जुळणी असती तर १ आला असता. म्हणजे संबंध आहे, पण कमजोर. काम नेमकं, ओळखीचं आणि मोजता येणारं असेल, तिथे तो बळकट होतो. वेचणारी बाई नेमकी तिथेच आहे.

सरकारही नजरेवर थांबत नाही. आधी नजरअंदाज पैसेवारी (पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज) काढतात, मग सुधारित, मग अंतिम. विम्यासाठी पीक कापणी प्रयोग होतो, वावराचा ठरावीक तुकडा मोजून कापतात आणि धान्य तोलतात. आपणही घरचं सोयाबीन बियाणं पेरण्याआधी १०० दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतो आणि ७० उगवले तर बियाणं चालतं म्हणतो. डोळ्यांना सगळेच दाणे सारखे चांगले दिसत होते.

९. मग शेतकरी अति आत्मविश्वासामुळे बुडतो, असंच म्हणायचं ना?

नाही. हा प्रश्न शहरातून येतो आणि मला तो दुखतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हाही 'काळजी घेतली नाही' एवढंच म्हणून अनेक जण मोकळे झाले. पण त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती, औषधं एकत्र मिसळून फवारली जात होती, अंगावर संरक्षक कपडे नव्हते, आणि मजुराला डब्यावरचं लिखाण कोणी वाचून दाखवत नव्हतं. माणूस स्वतःला कसं जोखतो हा एक छोटा धागा आहे. भाव, पाणी आणि कर्ज यांचा गुंता त्या एका धाग्याने सुटत नाही.

१०. भरतीत हमखास होईल वाटलं होतं, झालं नाही. आत्मविश्वास कमी ठेवू का?

'आत्मविश्वास' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. २००८ मध्ये मूर आणि हीली यांनी त्या सुट्या केल्या: आपल्याला प्रत्यक्ष येतं त्यापेक्षा जास्त येतं असं वाटणं, आपण इतरांच्या पुढे आहोत असं वाटणं, आणि आपल्या अंदाजाची गरजेपेक्षा जास्त खात्री असणं. त्यांना आढळलेलं चमत्कारिक आहे. अवघड परीक्षेत माणूस स्वतःचे गुण जास्त धरतो, पण इतरांपेक्षा मात्र स्वतःला मागे समजतो. सोप्या परीक्षेत नेमकं उलट.

तू आधी तुझी चूक यांतली कुठली होती ते पाहा. १६०० मीटरची स्वतःची वेळ चुकीची धरली होती? मग घड्याळ लाव, मोजलेल्या मैदानावर धाव, गावच्या रस्त्यावर 'अंदाजे दीड किलोमीटर' नको. वेळ बरोबर होती, पण इतर किती जोरात येतील ते कळलं नाही? मग तालुक्याच्या मैदानावर इतर गावच्या पोरांसोबत धाव. तिसरी चूक पकडायला वही लागते: सराव परीक्षेआधी 'कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके' असे दोन आकडे लिही. दहातल्या नऊ वेळा गुण त्या दोन आकड्यांच्या मध्ये पडायला हवेत. बहुतेकांचे चार-पाच वेळाच पडतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून सराव परीक्षाच टाळणारी पोरंही आहेत. त्यांची भीती मला समजते. पण ती मूठ भरतीच्या दिवशी उघडतेच.

११. घरात सगळं मीच करतो, तरी भाऊ म्हणतो तोच करतो. खरं कोण?

बहुधा दोघेही आपल्या परीने खरं बोलता आहात. १९७९ मध्ये रॉस आणि सिकोली यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं, घरातलं अमुक काम किती टक्के तुम्ही करता? दोघांचे आकडे जोडले की बेरीज बहुतेक कामांत शंभराच्या वर गेली. भांडण कोण सुरू करतं, अशा वाईट गोष्टींतही तसंच झालं, म्हणजे हा निव्वळ बढाईचा भाग नाही. स्वतः पहाटे उठून सोडलेलं पाणी आठवतं. भाऊ बँकेत चार तास रांगेत उभा होता, ते आपण पाहिलेलंच नसतं. एका आठवड्याची कामं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघांनी लिहा. दुसरा उपाय मला माहीत नाही.

१२. स्वतःचं ऐकावं की लोकांचं?

गोष्टीवर अवलंबून आहे. सिमीन वझिरे यांनी २०१० मध्ये दाखवलं की आतली चिंता, अस्वस्थता माणसाला स्वतःलाच जास्त नीट कळते. बुद्धी, कल्पकता अशा ज्या गुणांना समाजात मोल आहे, त्यांत मात्र जवळचे मित्र आपल्यापेक्षा बरोबर ठरतात. म्हणून 'मी आतून खचलो आहे' असं कोणी म्हणालं, तर 'तसं काही नाही' म्हणून त्याला खोडू नका. आणि स्वतःच्या हुशारीबद्दल मत बनवायचं असेल, तर रोज सोबत अभ्यास करणाऱ्याला विचारा, जो तोंडावर खरं बोलतो.

१३. हे सगळं वाचून मला माझ्या साहेबांची आणि चुलत्याची आठवण आली. त्यांना पाठवू का?

जवळपास सगळ्यांनाच हे वाचून दुसरा कोणी तरी आठवतो. २००२ मध्ये एमिली प्रोनिन आणि सहकाऱ्यांनी हाच कल तपासला. मनाचे हे कल समजावून सांगितल्यावरही लोक म्हणत होते, इतरांमध्ये आहेत, माझ्यात कमी. पाठवा, पण प्रश्न १० मधली वही आधी महिनाभर स्वतः चालवा.

१४. ज्याला काटाच नाही, त्याचं काय? मी चांगली आई आहे का, हे कसं मोजू?

बचत गटातल्या एका ताईंचा हा प्रश्न मी कितीतरी दिवस बाजूला ठेवला होता. 'चांगली आई' हा शब्द प्रश्न ३ मधल्या 'चांगला चालक' सारखाच मोघम आहे, त्यामुळे शेजारच्या वहिनींशी केलेली तुलना काहीही सांगत नाही. त्या शिस्तीला चांगलं म्हणतात, तुम्ही मायेला. गुण देण्याचा नाद सोडा आणि प्रश्न लहान करा. या आठवड्यात पोरगं शाळेतून आलं, तेव्हा त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं असं किती वेळा झालं? याचं उत्तर मोजता येतं. आणि ते एकट्याने देऊ नका, ताई. रात्री जेवताना पोरालाही विचारा, त्याचा आकडा तुमच्यापेक्षा वेगळा येईल.